बाई, तो बिब्ब्याचा डाग नव्हता

डॉक्टरीण बाई, तुमी गेल्या आन आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं. हे काय बरं न्हाई केलं. जायच्या आधी समोरच्याचं शेवटचं तरी ऐकून घ्यावं माणसानं.

मी सांगायलेय आन माझी लेक मंगल लिहायलीय. तिला म्हणलंय, गोदाबाई जशी बोलती तसं लिही, शाळेतल्यावानी करू नको. काल आष्टीत तुमच्या नावाची शोकसभा झाली. तिथं मी काय बोलले ते तुमच्या कानावर घालायचंय. पण आधी भांडण काय व्हतं ते मांडते, न्हाईतर वाचणाऱ्याला काय कळावं.

भांडण असं. मला कॅन्सर झालता. तो बाईच्या त्या जागेला झालता, आन मी जिथं जाईन तिथं मांडीला झालता म्हणून सांगायची. तुमी म्हणायच्या, गोदाबाई, खरी जागा सांगा. मी म्हणायची, जीभ रेटत न्हाई. बस, इतकंच. पण इतक्यापायी आपण दोघी किती बोललो ते तुमच्या गाडीच्या डायवरला विचारावं. बिचारा आरशातून बघायचा आन परत रस्त्याला लागायचा.

तुमच्या दवाखान्याची एक रीत व्हती. पेशंटसंग जी बाई आली तिचीबी तपासणी. आमच्याकडं बाई स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढत न्हाई. लेकीला आणती, सुनेला आणती, नणंदेला आणती, आन बाकड्यावर बसून राहती. तुमी ते नेमकं ओळखलं व्हतं. मंगलला दिवस गेलते, तिला घेऊन मी आलते. तिचं बघून झालं आन तुमी माझ्याकडं वळल्या. "आता तुमी."

"मला काय धाड भरलीय?"

"धाड भरल्यावर समदेच येतात. चला, वर झोपा."

मंगल तोंडाला पदर लावून हसायली. मला असा राग आला म्हणता. लेकीदेखत आई टेबलावर चढती का कुठं. पण तुमचा आवाजच असा, मारका एडकाबी गप उभा राहिला असता. मी पडद्याआड गेले, वर चढले आन छताकडं बघत पडले. तुमी बघितलं, थांबल्या, परत बघितलं. म्हणल्या, "हितं काळा डाग हाय. काय झालतं?"

मी पडल्या पडल्याच सांगितलं, "बिब्बा हाय तो."

खोटं न्हाई बोलले. मंगल झाली तवा बाळंतपणात मला जांघंत गळू झालतं. सासूबाईनं बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला, त्याचं तेल सुटलं तसा चटका दिला. सारी वस्ती गोळा व्हईल असं मी वरडले व्हते. आमच्याकडं हे घरोघर चालतं. टाच फुटली, लाव बिब्बा. गुडघा धरला, लाव बिब्बा. शहरातली डॉक्टर असती तर तिनं विचारलं असतं, बिब्बा म्हंजे काय ओ. तुमी पाटोद्याकडच्या शेतकऱ्याची लेक, तुमाला काय विचारायची गरज. बिब्ब्याचा डाग काळाच पडतो हे तुमी लहानपणापासून बघितलेलं. तुमी म्हणल्या, "असंल," आन हात धुवायला गेल्या.

शिकलेल्या बाईची चूक झाली ती आपल्याच मुलखातली व्हती म्हणून झाली. हे मी न्हाई म्हणत, तुमीच नंतर चार लोकांत म्हणायच्या.

मंग तुमी माहेरी गेल्या. तुमच्या आईच्या टाचेला कुणीतरी बिब्बा लावलेला. आदल्या खेपेला तिथं काळं ठिक्कर व्हतं म्हणं, आन आता खपली पडून डाग विटलेला. ते बघितलं आन हातातला घास खाली ठेवला, असं तुमी मला सांगितलं. आईनं विचारलं, कालवणात मीठ कमी हाय का. तुमी म्हणल्या, न्हाई, माझ्या डोक्यात कमी हाय.

तुमी माझ्या जावयाला फोन करून विचारलं, सासूबाई कुठं हायत. तो म्हणला, आज कडा गावचा बाजार, मेंढरं घेऊन गेल्यात. दुसरी असती तर म्हणली असती, उद्या पाठवा. तुमी थेट बाजारात आल्या. इस्त्रीची साडी, चपला लेंड्यांत भरलेल्या, आन एकेका कळपापाशी उभं राहून विचारायल्या, गोदाबाई कुठं. लोकांला वाटलं डॉक्टरीण बाईला बोकड पाहिजे. एका म्हाताऱ्यानं तर कोकरूच तुमच्या हातात दिलं, म्हणला, बघा बाई, कसं लोण्यावानी हाय. आमचे मालक, मंगलचे वडील, तिकडं गिऱ्हाइकाचा हात रुमालाखाली धरून बोटांनी भाव करायलेले. तुमाला बघून त्यांनी हातच सोडला, सौदा मोडला तो मोडलाच.

तुमी ते कोकरू छातीशी धरूनच माझ्याशी बोलल्या. "बिब्बा कधी लावलता?"

"मंगलच्या वेळंला."

"मंगलला आता लेकरू व्हईल. इतकी वर्सं डाग तसाच काळा राहतो का?"

"राहिला असंल. मी काय बघायला गेलते?"

"कधीच बघितलं न्हाई?"

"काय बोलता बाई. तिथं कोण बघतं."

तुमी एकदा कोकराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "मेंढ्यांची कास बघता?"

"रोज. सोडायच्या आधी कास, खूर, शेपटीखाली, समदं बघावं लागतं. न्हाईतर किडे पडतात."

"आन स्वतःचं?"

बाई, लोक म्हणतात गोदाबाईच्या तोंडाला कुणी लागू नये, आन तुमी दोन शब्दांत गप केलं. कळपातली कोणती मेंढी कुठं खरचटली ते मी अंधारात हात फिरवून सांगंन, आन मपलंच अंग मला ठावं न्हाई. मालक म्हणले, "कावून न्यायल्या हिला?" तुमी म्हणल्या, "काम हाय. संध्याकाळच्या आत आणून सोडते." कोकरू म्हाताऱ्याच्या हातात परत दिलं आन मला गाडीत बसवलं.

दवाखान्यात तुमी माझ्या हातात आरसा दिला. लाजंनं मी तो पालथाच धरला. तुमी मनगट धरून तो सरळ केला. मंग दिसलं. गळवाचा वण वायलाच व्हता, वर जांघंत, कधीचाच पांढरट पडून गेलेला. आन डाग वायला, पार खाली, जागेच्या कडेला. काळा, एकीकडं तांबूस, कडा वेड्यावाकड्या, एका अंगानं वर आलेला. बिब्ब्याचा आन त्याचा काही संबंधच नव्हता.

तुमी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "गोदाबाई, माझं चुकलं. तुमी बिब्बा म्हणल्या आन मी मान डोलावली. काळा डाग विचारून ओळखायचा नसतो, काढून तपासायचा असतो."

डॉक्टर पेशंटला माझं चुकलं म्हणती हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तवाच मला कळलं, ही बाई आपल्याला सोडायची न्हाई.

तुमी जागा बधिर करून डाग कापून घेतला. वरवर खरवडून चालत न्हाई म्हणल्या, डाग किती खोल गेलाय ते तपासणाऱ्याला कळलं पाहिजे, जगणं-मरणं त्या खोलीवर असतं. तुकडा पुण्याला गेला. तिथल्यांनी एकदा बघितला, मंग निरनिराळे रंग लावून परत बघितला, कारण हा आजार दुसऱ्याच आजाराचं सोंग घेतो. तवर मी मेंढरांमागं हिंडत व्हते. कुणाला काही सांगितलं नव्हतं. रोज वाटायचं, बाईंचा फोन आला तर बरं, आन न्हाई आला तर अजूनच बरं.

मंग तुमी बोलावलं. मेलॅनोमा म्हणल्या. मला वाटलं औषधाचं नाव हाय.

"तिळाचा कॅन्सर म्हणा. कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात, त्या बिघडतात. आपल्याकडं मुळात कमी, आन ह्या जागेला तर लईच क्वचित. मी इतक्या बाया तपासल्या, मला आजवर दिसला नव्हता."

"म्हंजे झाला तो झाला, आन तोबी नवलाचा," मी म्हणलं.

तुमी हसल्या, आन हसता हसता तुमचे डोळे भरून आले. तवा मी खरी घाबरले. डॉक्टर रडायली म्हणल्यावर माणसानं काय समजावं.

पुण्याला तुमीच घेऊन गेल्या. तिथं डोळ्यात बॅटऱ्या मारल्या, तळपायापासून टाळूपर्यंत तीळ शोधले, खालून वरून समदं तपासलं. मी वैतागले, म्हणलं, बिमारी कुठं आन हे बघायलेत कुठं. तुमी समजून सांगितलं, ह्याचं मूळ हितंच हाय का दुसरीकडून आलाय ते बघावं लागतं. मूळ तिथंच निघालं. ऑपरेशन झालं, जांघंतल्या गाठी तपासल्या, त्यात काही नव्हतं. डाग खोल गेला नव्हता.

तिथले मोठे डॉक्टर म्हणले, "रक्त जायला लागलं, गाठ हाताला लागली, की मग बायका येतात. तोवर उशीर झालेला असतो. तुमचं इतक्या लवकर कुणी ओळखलं?"

मी म्हणलं, "आमच्या बाईंनी. आष्टीच्या."

बाई, माझी छाती अशी फुगली जशी काय मीच डॉक्टर झाले. अंगाला टाके, बसता येईना, पण त्या वॉर्डातल्या एकेकीला मी तुमचं नाव सांगितलं. खाटंवर नवीन पेशंट आली की परत सांगायची.

घरी आले तर दुसरंच संकट. सासूबाईनं अन्न सोडलेलं. म्हातारीच्या डोक्यात बसलेलं, मपल्या बिब्ब्यानं सुनंला कॅन्सर झाला. मी कितीक सांगितलं, ऐकायलाच तयार न्हाई. पाणीबी घोटभर. मंगलनं तुमाला कळवलं आन तुमी वस्तीवर आल्या. म्हातारीपाशी घोंगडीवर मांडी घालून बसल्या. "आजी, तुमच्या बिब्ब्यानं काही झालं न्हाई. तुमचा डाग कवाच गेला. फसले ते मी. तुमच्या बिब्ब्याचं नाव ऐकून मी फसले." म्हातारीनं तुमच्याकडं बघितलं, म्हणली, "तू एवढी शिकलेली, तू कशी फसली गं?" तुमी म्हणल्या, "तेच तर मी स्वतःला विचारायलेय." म्हातारी हसली आन भाकर मागितली. तुमीबी तिच्यासंग दूध-भाकर खाल्ली. त्या दिवसापासून मरेपर्यंत म्हातारी तुमाला मपली डॉक्टरीण म्हणायची, मला माझी म्हणू देत नव्हती.

तुमी डॉक्टरांच्या सभेतबी हे सांगितलं. मी मागं बसलेले, माझं नाव घेतलं न्हाई. पडद्यावर डागाचा फोटो, आन तुमी साऱ्या डॉक्टरांसमोर उभ्या राहून म्हणल्या, पेशंट बिब्बा म्हणली आन मी तपास थांबवला, तुमी असं करू नका. कुणी तरणा डॉक्टर हसला. तुमी त्याला म्हणल्या, "आज हसा, पण उद्या पेशंटला नीट बघा." आपली चूक अशी उजेडात धरून दुसऱ्याला दाखवणारं माणूस मी दुसरं बघितलं न्हाई. आमच्याकडं तर लोक दुसऱ्याची चूक असली तरच माईक धरतात.

आन हितूनच आपलं भांडण सुरू झालं. तुमी मला गावोगाव बायांच्या बैठकांना न्यायला लागल्या. मी बोलायची झकास. बाया हसायच्या, रडायच्या. पण जागेचं नाव आलं की माझी गाडी मांडीवर जाऊन थांबायची. तुमी तिथं काही बोलायच्या न्हाईत. कधीच मला चार बायांत उघडं पाडलं न्हाई. गाडीत बसलं की सुरू व्हायच्या.

"मांडी म्हणलात तर बाया मांड्या बघत बसतील, गोदाबाई."

"आन खरं म्हणलं तर लेकीच्या सासरी काय तोंड दाखवू?"

"तोंडाला झाला असता तर सांगितलं असतं?"

"सांगितलं असतं."

"मग अंगात जागाजागांत भेद कुणी केला?"

"तुमाला सोपं हाय. तुमी चूक सांगता ती डोक्याची. मला सांगायचं ते कमरंखालचं."

ह्याच्यावर तुमी लई हसल्या व्हत्या. पण पटलं न्हाई तुमाला. मलाबी पूर्ण पटलं नव्हतं, पण माघार कशी घेणार. गेल्या खेपंला तर तुमी बोलल्याच न्हाईत, खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. धामणगावच्या पुढं आल्यावर म्हणल्या, "थकले मी." मी समजले प्रवासानं. घरी उतरताना मी म्हणलं, "बाई, पुढच्या बाजारी ताकाला या," आन तुमी हात हलवला. त्याच आठवड्यात हृदयाचा झटका आला. माझ्या हातचं ताक तुमी शेवटचं कवा प्याल्या ते मी आठवत बसलेय, ध्यानातच येईना.

काल सभेला मांडव भरलेला. फोटोला एवढे हार की तुमची हनुवटीच दिसायली. पुढारी बोलले, डॉक्टर बोलले. देवमाणूस म्हणले, आईसारख्या म्हणले, गोरगरिबांच्या म्हणले. माझा जीव आतल्या आत चिडायला. अरे, पण बाईंनी केलं काय ते तर सांगा. देवमाणूस तर मेल्यावर सगळेच होतात.

मंग सूत्रसंचालन करणाऱ्या पोरीनं माझं नाव पुकारलं. पुढाऱ्यानं माईकवरूनच सांगितलं, "ह्या आपल्या गोदाबाई. ह्यांच्या मांडीचा कॅन्सर बाईंनी बरा केला."

मी उठले. चालता चालता माझ्या डोक्यात जे आलं, ते इतक्या वर्सांच्या भांडणात तुमीबी कधी म्हणल्या नव्हत्या. मांडीवरचा डाग तर कुणीबी बघितला असता. नवरा बघंल, लेक बघंल, धुणं धुताना शेजारीण बघंल. त्यात बाईंचं मोठेपण ते काय. तुमी तो तिथं शोधला जिथं बाई सोता बघत न्हाई, जिथं शिकलेलेबी हातमोजा घालायचा कंटाळा करतात, आन जिथं तुमी स्वतः एकदा चुकून परत मागं फिरल्या. मी मांडी म्हणत राहिले तर माझी लाज झाकली जाईल, पण त्याच्यासंग तुमची हुशारीबी झाकली जाईल. आज तर तुमी बोलायलाबी न्हाई. तुमचं मोठेपण सांगणारी आता मीच उरलेय.

मी माईक धरला. मंगल बायांत बसलेली, तिचे सासू-सासरे तिच्या पलीकडं. मी म्हणलं, "मांडीचा न्हाई."

पुढारी म्हणला, "काय?"

"माझा कॅन्सर मांडीचा नव्हता. योनीच्या तोंडाशी झालता. काळा डाग व्हता. बाईंनी बघितला म्हणून मी उभी हाय."

तो शब्द तुमीच मला शिकवलेला. मांडवात कसा आवाज झाला सांगू, सारं गाव एकदम श्वास घेतंय असा. एकजण खोकला. कुणीतरी म्हणलं, अरे लेकरं बसलीत. पुढाऱ्याचा चेहरा लालबुंद, त्यानं माईक घ्यायला हात पुढं केला. तुमच्याबद्दलचा अभिमान लाजंपेक्षा मोठा व्हता, बाई. मी माईक सोडला न्हाई. म्हणलं, "थांबा साहेब. मी शिवी न्हाई दिली. तुमी समदे जिथून जल्माला आला, त्या जागेचं नाव घेतलंय."

त्यानं हात मागं घेतला. पुरुषांनी माना खाली घातल्या. बायांमधल्या एकीनंबी घातली न्हाई.